हरिकेन इंजिनाच्या जुन्या जीप-पिकअपची ओढ कमी झाल्यास दोष कसा शोधावा

जुन्या पेट्रोल जीपची ओढ कमी झाली, की गॅरेजमध्ये बहुतेक वेळा पहिला स्क्रू-ड्रायव्हर कार्ब्युरेटरला लागतो. तो बॉनेट उघडताच समोर दिसतो, त्याचे स्क्रू हाताला सहज येतात आणि ते फिरवले की इंजिनाच्या आवाजात लगेच फरक पडतो. त्यामुळे दोष तिथेच असावा असे वाटते. प्रत्यक्षात जळलेले पॉइंट (ठिणगीसाठी विजेचा प्रवाह तोडणारे संपर्क), घट्ट झालेले टॅपेट (व्हॉल्व्ह उचलणारे भाग) किंवा तुंबलेला सायलेन्सर यांचा परिणाम पेट्रोल-हवेचे मिश्रण बदलून काही दिवस झाकता येतो, आणि मूळ दोष मात्र आत वाढत राहतो. म्हणून तपासणीचा क्रम ठरवून घ्यावा आणि तो मोडू नये. गाडी मोकळी फिरते का हे आधी पाहावे, त्यानंतर अनुक्रमे इंजिनाचे कॉम्प्रेशन (सिलिंडरातला दाब), इग्निशन (ठिणगीची यंत्रणा), पेट्रोलचा पुरवठा आणि बाहेरून शिरणारी हवा तपासावी, आणि या सर्वांत काही सापडले नाही तरच कार्ब्युरेटर उघडावा.

हा लेख एफ-१३४ म्हणजेच ‘हरिकेन’ इंजिनाला समोर ठेवून लिहिला आहे. अमेरिकेत विलीजच्या पिकअपमध्ये हे इंजिन १९५० पासून आले, १९५३ च्या सीजे-३बी जीपचे बॉनेट याच इंजिनाच्या उंचीमुळे वर उचलावे लागले, आणि महिंद्राच्या पेट्रोल जीपमधून ते महाराष्ट्रातील शेतांवर, बांधकामांवर व सरकारी खात्यांत पोहोचले. मागे हौदा बांधलेल्या अशा जीप आजही काही जण निगुतीने चालवतात. चार सिलिंडर, सुमारे २.२ लिटर, ७९.४ मिलिमीटर बोअर आणि १११.१ मिलिमीटर स्ट्रोक अशी या इंजिनाची मापे आहेत. लांब स्ट्रोकमुळे ते कमी फेऱ्यांवर चांगले ओढते. त्यामुळे निरोगी हरिकेन चढावर वारंवार खालच्या गिअरची मागणी करू लागले, तर काहीतरी बिघडले आहे हे निश्चित समजावे.

या इंजिनाची रचना दोष शोधताना सतत लक्षात ठेवावी लागते. त्याचे इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये आहेत आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, बाजूला. इनलेट मॅनिफोल्ड वेगळा नाही, तो हेडमध्येच ओतलेला आहे आणि कार्ब्युरेटर थेट हेडवर बसतो. या दोन गोष्टींमुळे काही नेहमीचे दोष येथे उद्भवतच नाहीत, तर काही दोष हमखास नजरेआड राहतात.

आधी गाडी पाहावी, इंजिन नंतर

सपाट जागेवर गाडी न्यूट्रलमध्ये ढकलून पाहावी. पाच-सहा किलोमीटर चालवून आणल्यावर चारही ड्रमजवळ हात न्यावा. एखादा ड्रम इतरांपेक्षा जास्त तापला असेल तर ब्रेक चिकटत आहे. चढावर इंजिनाच्या फेऱ्या वाढतात पण वेग वाढत नाही, असे होत असल्यास क्लच घसरतो आहे. या दोन कारणांसाठी अनेक इंजिने विनाकारण उघडली जातात.

त्यानंतर इंजिन बंद ठेवून एअर क्लीनर काढावा, दुसऱ्या माणसाला अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबायला सांगावे आणि कार्ब्युरेटरच्या घशातून टॉर्च मारून थ्रॉटलची चकती पूर्ण उभी होते का ते पाहावे. जुन्या गाड्यांत पेडलचे सांधे झिजतात, पायाखाली जाड मॅट येते आणि चकती तीन-चतुर्थांशच उघडते. चोकची चकती गरम इंजिनावर पूर्ण उघडी आहे का, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे. या इंजिनावरचा मूळ एअर क्लीनर तेलाच्या भांड्याचा असतो. त्यात खुणेच्या वर तेल भरले किंवा जुन्या तेलाचा चिखल झाला, तर इंजिनाला श्वास घेता येत नाही. एवढी तपासणी अर्ध्या तासात होते आणि तिला एकही पैसा लागत नाही.

पुढच्या कामासाठी फिलर गेज, कॉम्प्रेशन गेज, व्हॅक्यूम गेज, टेस्ट लॅम्प किंवा मल्टिमीटर, जमल्यास टायमिंग लाइट आणि एक वही लागेल. वही टाळू नये. कोणते माप आधी किती होते आणि बदल केल्यावर किती झाले हे लिहिलेले नसेल, तर तिसऱ्या बदलानंतर आपण कुठे आहोत हे कोणालाच सांगता येत नाही. एका वेळी एकच बदल करावा. काम मोकळ्या हवेत करावे, चाकांना ओट (दगड किंवा ठोकळा) लावावी, आणि पेट्रोलची नळी उघडी असताना जवळपास ठिणगी काढून पाहू नये.

व्हॅक्यूम गेज काय सांगतो

एकच उपकरण विकत घेणे शक्य असेल तर मी व्हॅक्यूम गेज घ्यायला सांगेन, कारण इंजिन न उघडता त्याच्या आत काय चालले आहे हे इतक्या थोड्या खर्चात दुसरे काहीही सांगत नाही. ज्या गाड्यांचे वायपर व्हॅक्यूमवर चालतात तेथे त्या नळीच्या जागी गेज जोडता येतो. नसल्यास क्रँककेसच्या वाफा हेडमध्ये परत नेणाऱ्या नळीच्या जोडावर टी बसवून जोडावा. इंजिन पूर्ण गरम करावे आणि मिनिटाला सुमारे ६०० फेऱ्यांवर आयडल (पेडल न दाबता चालू) ठेवावे.

समुद्रसपाटीवर निरोगी इंजिनाचा काटा पाऱ्याच्या १८ ते २० इंचांवर स्थिर उभा राहतो. उंचीनुसार हा आकडा कमी होतो, साधारण दर ३०० मीटरला एक इंच. म्हणजे मुंबईत १९ दाखवणारे इंजिन सुमारे ५६० मीटर उंचीच्या पुण्यात १७ च्या आसपास दाखवेल, आणि सुमारे १,३५० मीटरवरच्या महाबळेश्वरात साडेचौदा. तिन्ही ठिकाणी इंजिन तितकेच निरोगी असते. हा हिशेब न केल्यामुळे घाटमाथ्यावरच्या कितीतरी गाड्यांचे टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) उगाच पुढे ढकलले जाते.

आकड्यापेक्षा काट्याची हालचाल अधिक बोलकी असते. काटा स्थिर पण तीन-चार इंच खाली असेल, तर टायमिंग मागे पडले आहे किंवा कुठूनतरी हवा शिरते आहे. ठरावीक अंतराने, प्रत्येक वेळी सारखाच खाली उतरून परत येत असेल, तर एका सिलिंडरचा व्हॉल्व्ह जळला आहे किंवा तो सिलिंडर मिसिंग करतो आहे. उतरण दहा इंचांच्या घरातली असेल, तर शेजारच्या दोन सिलिंडरांमधील हेड गॅस्केट फुटल्याचा संशय घ्यावा. आयडलवर काटा भराभर थरथरतो आणि रेस दिल्यावर शांत होतो, तेव्हा व्हॉल्व्हच्या गाइड झिजलेल्या असतात. उलट आयडलला शांत असलेला काटा रेस दिल्यावर थरथरू लागला, तर व्हॉल्व्हच्या स्प्रिंग थकल्या आहेत. काटा आळसटपणे दोन-तीन इंचांत इकडेतिकडे फिरत असेल, तरच मिश्रणाकडे बोट दाखवावे.

शेवटी इंजिन सुमारे २,५०० फेऱ्यांवर धरून ठेवावे. काटा आधी वर जाऊन मग हळूहळू खाली येत राहिला, तर धूर बाहेर पडायला वाट नाही. सायलेन्सर आतून कोसळला असेल किंवा दगडावर आपटून पाइप चेपला असेल. खात्रीसाठी सायलेन्सरचा जोड ढिला करून गाडी थोडी चालवावी; ओढ एकदम परत आली तर शोध तिथेच संपला.

कॉम्प्रेशन आणि टॅपेट

इंजिन गरम असताना चारही प्लग काढावेत, कॉइलची मुख्य वायर अर्थ करावी, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवावा आणि प्रत्येक सिलिंडरवर सारख्याच वेळा सेल्फ मारावा. बॅटरी भरलेली नसेल तर आकडे खोटे येतात. या इंजिनाला १२० ते १३० पौंड प्रति चौरस इंच दाब अपेक्षित आहे आणि सिलिंडरांतील फरक १० पौंडांच्या आत असावा. उंचीवर सर्व आकडे सारखेच थोडे खाली येतील. म्हणून एकूण आकड्यापेक्षा आपापसांतील फरकाला महत्त्व द्यावे.

कमी आलेल्या सिलिंडरात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजावे. दाब लक्षणीय वाढला तर रिंगा झिजल्या आहेत. नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारी-शेजारी असलेल्या दोन सिलिंडरांत दाब कमी असेल तर गॅस्केटच. येथे हरिकेनची एक खास अडचण आहे: हेडचा एक बोल्ट कार्ब्युरेटरच्या खाली, हवेच्या वाटेत लपलेला आहे. कार्ब्युरेटर काढल्याशिवाय तो दिसत नाही, आणि हेड पुन्हा कसताना बाकी सर्व बोल्ट कसून हा एक राहून जातो. गॅस्केट बदलूनही पुन्हा फुटत असेल तर सर्वप्रथम हा बोल्ट तपासावा. बोल्टांचा टॉर्क ६० ते ७० फूट-पौंड आहे.

टॅपेटच्या बाबतीतही रचना फसवते. वरचे कव्हर काढून इनलेटचे टॅपेट सहज बसवता येतात, पण एक्झॉस्टचे टॅपेट ब्लॉकच्या बाजूच्या कव्हरमागे, मॅनिफोल्डखाली असतात आणि तिथे हात नीट जात नाही. परिणामी वरचे चार बसवले जातात आणि खालचे चार वर्षानुवर्षे तसेच राहतात. थंड इंजिनावर इनलेटला १८ थाऊ (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाऊ) आणि एक्झॉस्टला १६ थाऊ गॅप ठेवावा, म्हणजे अनुक्रमे सुमारे ०.४६ आणि ०.४१ मिलिमीटर. टॅपेटचा आवाज येत नाही म्हणून ते ठीक आहेत असे समजणे घातक आहे. व्हॉल्व्ह सीटमध्ये बसत जातो तसा गॅप कमी होतो, आवाज बंद होतो, आणि पूर्ण न मिटणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह थंड होण्याची वाट हरवून कडेने जळू लागतो. अकाली शांत झालेल्या इंजिनाचे बाजूचे कव्हर उघडावेच.

कॉम्प्रेशन एका सिलिंडरात खरोखर गेलेले असेल तर पुढचे काही करू नये. ट्यूनिंग करून जळलेला व्हॉल्व्ह दुरुस्त होत नाही.

इग्निशन: इथे सर्वाधिक वेळ द्यावा

कार्ब्युरेटरच्या नावावर खपवलेले बहुतांश दोष इग्निशनमध्ये निघतात, असे माझे ठाम मत आहे. प्लग काढले की आधी त्यांचा रंग सिलिंडरच्या क्रमाने वहीत लिहावा. फिकट तपकिरी रंग चांगला. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमजोर. तेलकट काळा म्हणजे रिंगा किंवा गाइड. आणि पांढरा, चटका बसल्यासारखा म्हणजे मिश्रण पातळ (पेट्रोल कमी) किंवा टायमिंग चुकलेले. चारही सारखेच काळे असतील तर कारण सामाईक आहे, एकच काळा असेल तर कारण त्या सिलिंडरपुरते आहे. प्लगचा गॅप ३० थाऊ, सुमारे ०.७६ मिलिमीटर ठेवावा.

नंतर इंजिन आयडलला ठेवून इन्सुलेटेड पकडीने एकेक प्लगची वायर काढून अर्थ करावी. प्रत्येक वेळी इंजिन अडखळले पाहिजे. ज्या वायरने काहीच फरक पडत नाही तो सिलिंडर काम करत नाही. तिथे प्लग व वायर शेजारच्या सिलिंडरशी बदलून पाहावी. दोष त्यांच्याबरोबर सरकला तर भाग बदलावा, तिथेच राहिला तर पुन्हा कॉम्प्रेशनच्या आकड्यांकडे जावे. फायरिंग ऑर्डर १-३-४-२ आहे आणि वरून पाहता रोटर घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो. कोणीतरी आधी वायरी काढल्या असतील तर हे पडताळून घ्यावे.

कॉन्टॅक्ट पॉइंटचा गॅप २० थाऊ, म्हणजे अर्धा मिलिमीटर असतो. पॉइंटची फायबरची टाच कॅमवर घासून झिजते तसा गॅप कमी होतो, पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग आपोआप मागे पडते. त्यामुळेच ही गाडी एका दिवसात बिघडत नाही, महिनोन्‌महिने हळूहळू मंद होत जाते. पॉइंटवर एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला उंचवटा तयार झाला असेल तर कंडेन्सरवर संशय घ्यावा आणि पॉइंटबरोबर तोही बदलावा. पॉइंट मिटलेले असताना त्यांच्या दोन टोकांत मल्टिमीटरवर ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसत असेल, तर संपर्क खराब आहे किंवा डिस्ट्रिब्युटरच्या आतली लवचिक अर्थ वायर तुटत आली आहे.

आता डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट बोटांनी आडवा हलवून पाहावा. बुश झिजून शाफ्ट हलत असेल तर गॅप प्रत्येक फेरीत बदलतो आणि कितीही काळजीपूर्वक बसवलेले टायमिंग टिकत नाही. पुढे रोटर त्याच्या फिरण्याच्या दिशेने थोडा पिळून सोडावा. तो स्प्रिंगने परत आला पाहिजे. परत येत नसेल तर खालची अ‍ॅडव्हान्सची (वेगाबरोबर ठिणगी लवकर पाडणारी) वजने गंजून अडकली आहेत. या इंजिनाच्या मूळ डिस्ट्रिब्युटरमध्ये अ‍ॅडव्हान्स फक्त या वजनांवर अवलंबून असतो. ती अडकली की आयडल सुरेख राहतो, पण वेग घेताना इंजिन जड होते आणि तापते. ही तक्रार घेऊन आलेल्या गाडीचा मुख्य जेट बदलला जातो, हे पाहून खरोखर वाईट वाटते. दोन थेंब तेल आणि थोडी सफाई एवढ्यावर ते काम होते.

पॉइंट बसवल्यावरच टायमिंग करावे, उलट क्रमाने कधीच नाही. पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनवर आणून पुलीची खूण टॉप डेड सेंटरच्या (पिस्टन सर्वांत वर असण्याच्या स्थितीच्या) आधी ५ अंशांवर ठेवावी, टेस्ट लॅम्पचे एक टोक पॉइंटच्या वायरला व दुसरे अर्थला जोडावे, इग्निशन चालू करावे आणि डिस्ट्रिब्युटर हळूहळू फिरवावा. पॉइंट उघडण्याच्या नेमक्या क्षणी दिवा लागतो, तिथेच तो कसावा. डिस्ट्रिब्युटर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला की टायमिंग पुढे जाते.

कोकणातल्या पावसाळ्यात कॅपच्या आत बाष्प साचून कार्बनच्या बारीक रेषा तयार होतात आणि ठिणगी त्यांवरून भलतीकडे जाते. रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून वायरींवर पाण्याचा हलका फवारा मारला की निळसर ठिणग्या डोळ्यांना दिसतात.

पेट्रोल पोहोचते का

गाडी काही किलोमीटर चांगली चालून मग मरगळत असेल, तर टाकीचे झाकण उघडावे. हवा आत शिरल्याचा आवाज आला आणि गाडी पुन्हा नीट चालू लागली, तर झाकणाचे छिद्र बुजले आहे. पंपातून कार्ब्युरेटरकडे जाणारी नळी बाटलीत सोडून इंजिन आयडलला चालवावे. कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलवर ते तेवढा वेळ चालते. मिनिटाला अर्ध्या लिटरच्या आसपास, बुडबुड्यांशिवाय धार यायला हवी. बुडबुडे दिसले तर टाकी व पंप यांमधल्या नळीला चीर आहे. तिथे पेट्रोल गळत नाही, हवा ओढली जाते, म्हणून ती सापडत नाही. पंपाचा दाब अडीच ते पावणेचार पौंड असतो. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल किंवा तेलाची पातळी वाढली असेल, तर पंपाचा डायफ्रॅम फाटून पेट्रोल इंजिनाच्या तेलाच्या चेंबरमध्ये उतरते आहे. अशी गाडी तेल बदलेपर्यंत अजिबात चालवू नये, बेअरिंगे जातात.

बाहेरची हवा

इनलेट मॅनिफोल्ड हेडमध्येच असल्यामुळे त्याचा गॅस्केट गळण्याचा प्रश्न येथे नाही. पाहण्याच्या जागा तीनच उरतात: कार्ब्युरेटरचा तळ, थ्रॉटलच्या शाफ्टची दोन टोके आणि क्रँककेसच्या वाफा परत नेणारा व्हॉल्व्ह व त्याच्यासह वायपरच्या नळ्या. तेलाच्या कुपीने या जागांवर पातळ तेलाचे थेंब टाकावेत. जिथे थेंब पडताच आयडल बदलतो तिथे गळती आहे. शाफ्टची भोके झिजली असतील तर नवीन किट बसवूनही आयडल स्थिर होणार नाही, बुश बसवून घ्यावे लागतील.

आता कार्ब्युरेटर

मूळ कार्टर वायएफमध्ये एक डायफ्रॅम दोन कामे करतो: अ‍ॅक्सिलरेटर पंपाचे पेट्रोल मारतो आणि मुख्य जेटमधली मीटरिंग सळई वर-खाली नेतो. तो फाटला की पेडल दाबताच इंजिन अडखळते आणि त्याच वेळी एरवी मिश्रण जाड राहते. ही दोन्ही लक्षणे एकत्र दिसली तर इतरत्र शोधू नये. इंजिन बंद असताना घशात पाहून थ्रॉटल झटक्याने उघडावा. पेट्रोलची स्पष्ट धार दिसली पाहिजे. फ्लोट कानाजवळ हलवून आत पेट्रोल शिरले आहे का ते ऐकावे, निडल व तिची सीट एकत्रच बदलावी, आणि जेट तारेने कधीही खरवडू नयेत, हवेनेच साफ करावेत.

फेब्रुवारी २०२३ पासून आपल्याकडे २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येऊ लागले, आणि या गाड्यांच्या बाबतीत तो बदल दुर्लक्षिण्यासारखा नाही. शुद्ध पेट्रोलला एका किलोमागे सुमारे १४.७ किलो हवा लागते, या मिश्रणाला साडेतेरा. जेट तोच राहिला तर मिश्रण सात-आठ टक्के पातळ होते: प्लग पांढरे पडतात, पेडल दाबताना खड्डा जाणवतो, चोक थोडा ओढला की गाडी सुधारते. वरची सर्व तपासणी निर्दोष असून हीच लक्षणे उरली असतील, तर जेट वाढवणे योग्य आहे. जेटच्या छिद्राचे क्षेत्रफळ आठ टक्के वाढवायचे म्हणजे व्यास सुमारे चार टक्के वाढतो. सोलेक्स कार्ब्युरेटर बसवलेल्या गाड्यांत जेटवरचा आकडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात व्यास सांगतो, म्हणून १२५ च्या जागी १३० लावून पाहावा. जुन्या रबराच्या नळ्या आणि पंपाचा डायफ्रॅमही इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घ्यावेत, आणि गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करावा. इथेनॉल हवेतले पाणी ओढते आणि ते तळाशी बसून जस्ताचे भाग खाते.

आयडलचा मिश्रण-स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत बसवून दीड फेरा बाहेर घ्यावा, इंजिन गरम करावे आणि व्हॅक्यूम गेजचा काटा सर्वांत वर व स्थिर राहील तिथे तो ठेवावा. त्यानंतर नेहमीच्या चढावर, नेहमीच्या ओझ्यासह, त्याच गिअरमध्ये गाडी चालवून पाहावी. चढाच्या मध्यावर, इंजिन पूर्ण ओढत असतानाच, इग्निशन बंद करून क्लच दाबावा आणि गिअर न्यूट्रलमध्ये घेऊन गाडी ब्रेकवर बाजूला थांबवावी. मग इंजिन आणखी न चालवता, थोडे निवल्यावर, तिथेच प्लग काढून रंग पाहावा. आयडलवर गॅरेजपर्यंत आणलेल्या प्लगचा रंग ओझ्याखालचे मिश्रण दाखवत नाही.